बॉल हातात नसताना

२०१७ च्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: '१. मार्केल फुल्ट्झ. शंका नाही.' 'शंका नाही'च्या खाली दोन रेघा. दर वर्षी नवी वही उघडण्याआधी मी ती जुनी काढते, ते पान वाचते आणि मगच कामाला लागते.

काम म्हणजे एनबीएच्या, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टआधी, त्या वर्षी येऊ घातलेल्या मुलांची आपली स्वतःची क्रमवारी लावायची. ड्राफ्ट म्हणजे लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. विद्यापीठाच्या संघात मी गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी खेळाडू, होते. गुडघा गेला, खेळ सुटला, बघणं मात्र सुटलं नाही. २०१५ मध्ये डॅलसने सतनाम सिंगला ५२व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेल्या मुलाचं नाव ड्राफ्टमध्ये पुकारलं जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याचं नाव येतंय का, एवढ्याचसाठी मी तो ड्राफ्ट सुरुवातीपासून बघत बसले होते. त्याच्या आधी पुकारलेल्या ५१ मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना मी कधी खेळताना पाहिलेलंच नव्हतं. ते मनाला लागलं. पुढच्या मोसमात वही आणली.

धाकटा भाऊ आकड्यांचा माणूस. तो म्हणाला, "ताई, तू डोळ्यांनी बघ, मी आकडे बघतो, मग भांडू." ती वाटणी आजवर टिकली आहे. नियम एकच. एखाद्या मुलाचे निदान चार सामने बघून मी माझं मत शाईने लिहीपर्यंत त्याने मला त्या मुलाचा एकही आकडा सांगायचा नाही. आकडा एकदा कानावर पडला की डोळे तोच शोधत बसतात.

अमेरिकेतला कॉलेजचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. ड्राफ्ट जूनमध्ये. अमेरिकी मुलाची शाळा सुटून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं आणि ड्राफ्टच्या वर्षात त्याची १९ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे सगळ्यात वरची बरीचशी मुलं कॉलेजात एकच मोसम खेळतात. म्हणजे तीस-पस्तीस सामने, तेही चाळीस मिनिटांचे. एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा. काही मुलं युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून येतात, त्यांचा हिशेब वेगळा. संघ ३०, फेऱ्या दोन, म्हणून जागा ६०. एखाद्या संघाने नियम मोडून जागा गमावली, तर त्या वर्षी एखाद-दोन कमी.

क्लिपांपासून सुरुवात करायची नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. क्लिपांमध्ये कुणीच चुकत नाही. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये प्रत्येक शॉट आत जातो आणि प्रत्येक पास पोचतो. ते बघून मन एकदा भरलं, की पुढे दिसणाऱ्या चुकांना आपण कारणं शोधून देतो. त्यामुळे मी पूर्ण सामने बघते आणि ते निवडूनच. एक तगड्या संघाविरुद्धचा, एक परक्या मैदानावरचा, एक ज्यात त्याचे शॉट पडले नाहीत असा आणि एक मोसमाच्या शेवटचा. शॉट न पडलेला सामना सगळ्यात कामाचा. त्या दिवशी तो दुसरं काय करतो, हे त्याच सामन्यात दिसतं.

पहिल्यांदा बघते तेव्हा पेन हातात घेत नाही. दुसऱ्यांदा फक्त त्याच्यावर नजर, बॉल कुठेही असो. हे म्हणायला सोपं आहे. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि आपली मान आपोआप त्याच्यामागे जाते. ती मान आवरायला मला दोन वर्षं लागली.

दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक उदाहरण सांगते. एका लहान कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, उंच, हात लांब, गुण बेताचे. यादी करणाऱ्यांपैकी फारसं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मीही खरं तर समोरच्या संघातल्या गार्डसाठी तो सामना लावला होता. बॉल डावीकडे, तिथे पिक अँड रोल चाललेला, म्हणजे एक उंच खेळाडू आडवा उभा राहून बॉलवाल्याच्या डिफेंडरला अडवतो (ती स्क्रीन) आणि मग स्वतः रिंगकडे धावतो. हा मुलगा उजवीकडे, त्याचा माणूस उजव्या कोपऱ्यात उभा. बॉलवाला स्क्रीनपाशी पोचण्याआधीच याने खांद्यावरून मागे, आपल्या माणसाकडे, एकदा बघितलं. मग बॉलकडे. मग पुन्हा एकदा मागे. तेवढ्यात एक पाय पेंटमध्ये, रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, टाकला. स्क्रीन लावून धावत आलेल्या उंच खेळाडूला छातीवर आडवा हात लावून अर्धं पाऊल अडवलं, इतकंच. पास जाऊ शकला नाही. बॉल डोक्यावरून उजव्या कोपऱ्यात फेकला गेला, तर हा तिथे लहान लहान पावलं टाकत, हात वर करून पोचलेला. कोपऱ्यातल्या माणसाने शॉट घेतलाच नाही. त्याने बॉल परत दिला आणि शॉटसाठी मिळणारे तीस सेकंद संपता संपता सगळं एका वेड्यावाकड्या शॉटवर आटोपलं. स्कोअरशीटवर या मुलाच्या नावापुढे त्या पझेशनचं, म्हणजे बॉल एका संघाकडे असतानाच्या त्या खेळीचं, काहीही नाही. मी ते सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिलं. मग गार्ड बाजूला राहिला आणि मी याचा सगळा मोसम शोधून काढला.

ही मानेची हालचाल मी आता प्रत्येक मुलात शोधते. जो मुलगा बॉलकडे टक लावून बघतो, त्याचा माणूस पाठीमागून कापून जातो. कॉलेजात ते खपून जातं, कारण पास देणारा तितका चांगला नसतो. एनबीएत प्रत्येक संघाकडे तो पास देणारे तीन-चार जण असतात. उलट जो आधी बघून ठेवतो, त्याला वेग थोडा कमी असला तरी चालतो. तो अर्धा सेकंद आधी निघालेला असतो.

शॉट बघण्याचीही आता एक पद्धत झाली आहे. आत गेलेल्या शॉटपेक्षा चुकलेल्या शॉटकडे मी जास्त बघते. रिंगच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला लागून चुकणारा मुलगा मला चालतो. त्याची दिशा बरोबर आहे, फक्त अंतराचा अंदाज चुकला. पाय दमले की असं होतं. पण शॉट कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे जात असेल, तर कोपर किंवा मनगट दर वेळी वेगळ्या जागी आहे. ते दुरुस्त व्हायला फार वेळ लागतो. मग मी पाय बघते. पास हातात येण्याआधी गुडघे वाकलेले आहेत की बॉल आल्यावर वाकतात? बॉल आल्यावर वाकत असतील, तर एनबीएतला डिफेंडर तेवढ्यात अंगावर आलेला असतो. शिवाय थ्री-पॉइंट रेघ, जिच्याबाहेरून मारलेल्या शॉटला तीन गुण मिळतात ती, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर आणि एनबीएची मधोमध २३ फूट ९ इंचांवर. दीड फूट ऐकायला थोडं वाटतं, पण रेघेला चिकटूनच कसाबसा शॉट पोचवणाऱ्या मुलाला तेवढंच जड जातं. म्हणून मी रेघेच्या मागे दोन पावलं उभं राहून मारलेले शॉट वेगळे मोजते.

हे सगळं मी २०१७ मध्येही करत होते. तरी चुकले.

फुल्ट्झ त्या वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळत होता. सामन्यामागे २३.२ गुण, थ्री-पॉइंटरमध्ये ४१.३ टक्के. संघाने मात्र ९ सामने जिंकले आणि २२ हरले. तो मला विलक्षण आवडला होता. ड्रिबल करताना क्षणभर थांबायचा, समोरचा उंचावून उभा राहिला की निघून जायचा. खांदे सैल, घाई कुठेच नाही. मी खेळायचे तेव्हा मला जे जमावंसं वाटायचं आणि कधीच जमलं नाही, ते हा मुलगा सहज करत होता. मत लिहून झालं, दोन रेघा मारल्या, मग भावाला फोन केला.

तो म्हणाला, "ताई, बाकी सगळं ठीक. फ्री थ्रो ६४.९ टक्के." फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट.

"फ्री थ्रो सुधारतात रे."

"सुधारतात. पण थ्री ४१ आणि फ्री थ्रो ६५, हे एकाच हाताचे आकडे वाटत नाहीत. यातला एक खोटा आहे. कुठला ते मला माहीत नाही."

मी ऐकलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. एका मोसमात एखादा मुलगा शंभर-सव्वाशे थ्री-पॉइंटर मारतो. शंभरात ४० आणि शंभरात ३४ यांत फरक फक्त सहा शॉटचा. म्हणजे पाच-सहा सामन्यांत मिळून एक बॉल रिंगवर फिरून आत पडला की बाहेर. तेवढ्यावर तो 'उत्तम शूटर' की 'बेताचा शूटर' हे ठरवणं धोक्याचं. फ्री थ्रो दर वेळी त्याच १५ फुटांवरून, समोर कुणी नाही, घाई नाही. हाताचं खरं वळण तिथे दिसतं.

त्याच वर्षी यादीत वर असलेल्या आणखी दोघांची त्याने ओळीने मांडणी केली होती. यूसीएलएचा लॉन्झो बॉल : थ्री ४१.२, फ्री थ्रो ६७.३. ड्यूकचा जेसन टेटम : थ्री ३४.२, फ्री थ्रो ८४.९. नुसत्या थ्रीकडे बघितलं तर पहिले दोघं शूटर आणि टेटम कच्चा. ड्राफ्ट झाला. बॉस्टनकडे पहिला क्रमांक होता. तो त्यांनी आधीच फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि पुढच्या एका वर्षातली पहिल्या फेरीची जागा घेतली होती. फुल्ट्झ पहिला, बॉल दुसरा, टेटम तिसरा. पहिल्याच मोसमात टेटमने ४३.४ टक्के थ्री मारले. बॉलचे थ्री ३०.५ वर आले आणि फ्री थ्रो ४५.१ वर. फुल्ट्झ पहिल्या वर्षी १४ सामने खेळला आणि त्याचा शॉट ओळखू येईनासा झाला.

इथे मला घाईने निकाल द्यायचा नाही. फुल्ट्झच्या खांद्याजवळच्या नसा दाबल्या जात होत्या, त्या विकाराचं निदान २०१८ च्या डिसेंबरात झालं. फ्री थ्रोचा आकडा काही आजार सांगत नाही. बॉलने पुढे आपली शॉट मारण्याची पद्धत पार बदलली आणि काही मोसमांनी तो ४२.३ टक्क्यांपर्यंत पोचला. म्हणजे आकडा बरोबर होता आणि मुलाने तो मागे टाकला, दोन्ही खरं. पण माझी चूक यातल्या कशातच नव्हती. माझी चूक अशी की समोर एक न जुळणारी गोष्ट आली आणि तिचं काय करायचं ते मी विचारलंसुद्धा नाही, कारण मला तो मुलगा आवडत होता. 'शंका नाही' हे वाक्य मी तेव्हापासून लिहीत नाही. उलट, प्रत्येक नावापुढे एक रकाना आहे: 'काय दिसलं तर मी माझं मत बदलेन?' तो भरता आला नाही, तर ते नाव यादीत चढवायचं नाही.

२०२० मध्ये या रकान्याचा उपयोग झाला. ते वर्षच वेगळं होतं. मार्चमधली कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा करोनामुळे रद्द झाली, ड्राफ्ट लांबत लांबत १८ नोव्हेंबरला झाला. नवे सामने नाहीत, त्यामुळे आठ महिने तेच तेच सामने पुन्हा बघत होतो. केंटकीचा टायरीस मॅक्सी थ्रीमध्ये २९.२ टक्के होता. सगळीकडे 'शॉट नाही' असं लिहून येत होतं. मी लिहिलं होतं: 'चुकतात ते पुढे-मागे, दिशा ठीक. गर्दीत मारलेले शॉट जास्त.' भाऊ म्हणाला, "फ्री थ्रो ८३.३." या वेळी दोघांचं जुळलं. शिवाय केंटकीची एक खोड आम्हाला ठाऊक झाली होती. तिथे एकाच वेळी इतकी चांगली मुलं असतात, की प्रत्येकाला आपल्यातलं थोडंच दाखवायला मिळतं. डेव्हिन बुकर तिथे ३८ सामने खेळला, एकदाही पहिल्या पाचात नव्हता, सामन्यामागे १० गुण. तो १३वा गेला आणि दुसऱ्याच मोसमात बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात त्याने ७० गुण केले. मॅक्सी २१वा गेला. दुसऱ्या मोसमात त्याने ४२.७ टक्के थ्री मारले. आमच्या यादीत तो नववा होता. त्याहून वर ठेवायची हिंमत आम्हाला झाली नाही, हेही खरं.

मे महिन्यात शिकागोत कंबाइन होतं. तिथे मुलांची मापं घेतात : अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने हात कुठवर पोचतो, तळहात केवढा, उडी किती, धाव किती. मला या आकड्यांमध्ये हातांची लांबी आणि उभ्याने पोचणारा हात एवढंच बघायचं असतं. २०१३ मध्ये रूडी गोबेर तिथे आला तेव्हा त्याचे पसरलेले हात ७ फूट साडेआठ इंच भरले आणि जमिनीवर उभा राहून त्याचा हात ९ फूट ७ इंचांवर पोचला. रिंग १० फुटांवर असते. तो २७वा गेला आणि पुढे चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्रेमंड ग्रीन अनवाणी साडेसहा फुटांपेक्षाही कमी भरला, पण त्याचे हात ७ फुटांवर गेले, आणि ३५व्या क्रमांकावर गेलेल्या त्या मुलाने पुढे सेंटरना, म्हणजे समोरच्या सगळ्यात उंच खेळाडूंना, अडवून दाखवलं. बाकीच्या चाचण्यांचं काय करायचं, ते पुढे लीगमधल्या सर्वोत्तम स्कोअररांपैकी एक ठरलेल्या केविन ड्युरँटकडे बघून ठरवावं. २००७ मध्ये १८५ पौंडांचा बार त्याला एकदाही उचलता आला नाही, यावर केवढी चर्चा झाली होती. तो दुसरा गेला. त्याच्या आधी घेतलेल्या ग्रेग ओडनचे गुडघे टिकले नाहीत आणि तो एनबीएत एकूण १०५ सामने खेळला. ओडनला वर ठेवणारे मूर्ख नव्हते. वैद्यकीय कागद बघूनही गुडघ्याचं भविष्य कळत नाही आणि माझ्यासारखीला तर ते कागद कधीच दिसत नाहीत. ज्या मुलाला गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं आहे, त्याच्या नावापुढे मी क्रमांक पेन्सिलने लिहिते.

उंच मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फसवते. कॉलेजात बचाव करणारा सेंटर रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत कुणाला गार्ड करत नसताना तो पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर शिट्टी. त्यामुळे कॉलेजातले ब्लॉक, म्हणजे हवेत अडवलेले शॉट, मोजताना मी बघते, की तो तिथेच उभा होता की बाहेरून येऊन पोचला. येऊन पोचणारा पुढेही पोचतो. तिथेच उभ्या असलेल्याचे निम्मे ब्लॉक मी मनातून वजा करते.

वयाचा हिशेबही असाच फसवा, आणि त्यात आम्ही दोघंही तोंडावर आपटलो. १९ वर्षांच्या मुलाने २२ वर्षांच्या मुलांविरुद्ध जे केलं, त्याचं मोल जास्त, हे बरोबरच. लुका डोन्चिच १९व्या वर्षी रेआल माद्रिदबरोबर युरोलीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात वरची स्पर्धा, जिंकला आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथे समोर तिशीतले पुरुष असतात. २०१८ मध्ये त्याला पहिला ठेवण्यात आमचं काही कौतुक नाही, जरी दोन संघांनी त्याच्याआधी दुसरे निवडले. पण त्याच वहीत तेराव्या पानावर विलानोव्हाचा जेलन ब्रन्सन आहे. तीन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्या मोसमातला कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू. पुढे माझ्या अक्षरात: 'वय २१. उंची कमी. उडी नाही. याहून वाढणार नाही.' तो ३३वा गेला, म्हणजे संघांनाही तेच वाटलं. आज न्यूयॉर्कचा सगळा संघ त्याच्याभोवती फिरतो.

ब्रन्सनचे जुने सामने मी नंतर पुन्हा पाहिले. सगळं तिथेच होतं. तो पेंटमध्ये शिरला की दोन्ही पायांवर थांबायचा, एक खांदा द्यायचा, डिफेंडर उडेपर्यंत वाट बघायचा. उडी नसलेल्या माणसाने उडी असलेल्यांमध्ये जगण्याची ती रीत होती आणि मी तिला 'उडी नाही' असं नाव दिलं. त्यानंतर मी 'नाही' या शब्दावर थांबते. मुलाला जे जमत नाही, त्याच्या जागी तो काय करतो, हे लिहिल्याशिवाय ते वाक्य पुरं करायचं नाही.

बाकी बाळबोध मोजदाद भाऊ करतो आणि ती हवीच. चोरलेले बॉल आणि ब्लॉक मिनिटांच्या हिशेबात किती, कारण हात आणि अंदाज दोन्ही त्यात येतात. दिलेले पास आणि घालवलेले बॉल यांचं प्रमाण. संघाची किती पझेशन त्याच्या हातून संपतात. हे प्रमाण जास्त असून टक्केवारी टिकली तर ती खरी. दुबळ्या संघांविरुद्धचे सामने वगळले की काय उरतं. हे वगळणं फार बोलकं असतं. काही मुलं त्यानंतर अर्धी होतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बसतो. एक ते साठ असा सरळ क्रम लावत नाही, गट करतो. पहिल्या गटात कधी एकच नाव असतं, कधी तीन. व्हिक्टर वेम्बान्यामाच्या वर्षी पहिल्या गटाला दोन मिनिटं लागली, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. आमचं खरं काम बाराव्यापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत. एका गटातल्या मुलांमध्ये कुठला संघ कुणाला घेतो, हे मग गरजेवर सोडायचं. गट ओलांडून मात्र गरजेला मान द्यायचा नाही. २००९ मध्ये मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले आणि सातवा गेला स्टीफन करी, जो पुढे लीगमधला सर्वोत्तम शूटर ठरला. भांडण पेटलं की भाऊ हेच उदाहरण काढतो.

शेवटच्या दहा दिवसांत बातम्या वाचणं मी बंद करते. अमक्याचा सराव डोळे दिपवणारा झाला, तमक्याला वरच्या संघाने शब्द दिला. रिकाम्या मैदानात, समोर खुर्ची ठेवून मारलेल्या शॉटचे व्हिडिओ. त्यातलं बरंचसं कुणी ना कुणी, काही ना काही हेतूने सोडलेलं असतं. यादी बंद करून भावाला फोटो पाठवायचा. त्यानंतर बदल नाही.

तो लहान कॉलेजातला मुलगा आमच्या यादीत ३८वा होता. भावाने विरोध केला होता. गुण कमी, संघ दुबळा, वय २१. मी तेरावं पान पुढे केलं. तो म्हणाला, "ठीक आहे ताई, पण मत बदलणारा रकाना भर." मी लिहिलं: 'वेगवान गार्ड समोर आल्यावरही मान फिरली नाही, तर.' ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. दोन्ही फेऱ्या संपेपर्यंत मी बसून होते. नंतर एका संघाने त्याला टू-वे करारावर घेतल्याची एका ओळीची बातमी आली. हा करार एनबीएतल्या संघाला आणि तिच्या खालच्या जी लीगमधल्या संघाला मिळून असतो, जागेची हमी नाही.

जुलैत लास वेगासच्या समर लीगमध्ये, नव्या खेळाडूंना आजमावायच्या उन्हाळी सामन्यांत, तो उतरला. भाऊ फोनवर होता, त्याच्यासमोर आकडे हलत होते.

"ताई, चार गुण, दोन रिबाउंड. बाकी काही नाही."

"आकडे राहू दे. बॉल डावीकडे आहे ना? आता तू उजव्या कोपऱ्याकडे बघ."